युनियन जॅकच्या घडीत राहून गेलेले अल्बम

२०२५च्या जूनमध्ये पल्पचा नवा अल्बम आला. ४ जुलैला कार्डिफमध्ये ओएसिसचे दोघे भाऊ इतक्या वर्षांची भांडणं गुंडाळून पुन्हा एका मंचावर उभे राहिले. तेव्हापासून इंग्रजी माध्यमांत नव्वदच्या दशकाच्या आठवणींना नुसता ऊत आला आहे. या आठवणींत एक प्रकार हमखास असतो. 'ब्रिटपॉपच्या काळातले दुर्लक्षित राहिलेले अल्बम' अशी यादी. मला असल्या याद्या वाचायची खोड आहे. त्यांत ऑटर्सचा 'न्यू वेव्ह' असतो, जीनचा 'ऑलिम्पियन' असतो, मॅरियनचा 'धिस वर्ल्ड अँड बॉडी' असतो. डेनिमचा 'बॅक इन डेनिम' टाकला की यादी करणाऱ्याला आपण फार खोलात जाऊन शोधल्याचं समाधान मिळतं. या अल्बमांशी माझं काही भांडण नाही. 'न्यू वेव्ह' तर उत्तमच आहे. माझं भांडण 'दुर्लक्षित' या शब्दाशी आहे. दुर्लक्ष कुणी केलं, कुणाकडे केलं, आणि ज्यांच्याकडे तेव्हा दुर्लक्ष झालं ते आता दुर्लक्षितांच्या यादीतूनही का वगळले जातात?

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तराला इंग्रजी गिटारवाल्यांची पंचाईत कशाला, असं कुणी म्हणेल. पुढे ज्या अल्बमांबद्दल लिहिणार आहे त्यांत पंजाबी आहे, बंगाली कविता आहे, मोडकीतोडकी उर्दू आहे, आशा भोसले आहेत आणि मोहम्मद रफी आहेत. तेव्हा ही पंचाईत माझीच आहे.

आधी काळ लक्षात घेऊ. एप्रिल १९९३. 'सिलेक्ट' नावाच्या मासिकाने मुखपृष्ठावर स्वेडच्या ब्रेट अँडरसनला छापलं. मागे युनियन जॅक, वर 'अमेरिकनांनो, घरी जा' अशा अर्थाचा मथळा. ब्रिटपॉपचा जन्म पुष्कळ जण या अंकापासून मोजतात. त्याच एप्रिलच्या २२ तारखेला आग्नेय लंडनमधल्या एल्थमला बसथांब्यावर उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या स्टीव्हन लॉरेन्सला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने भोसकून मारलं. तो काळा होता, एवढंच कारण. सप्टेंबरमध्ये पूर्व लंडनच्या आयल ऑफ डॉग्जमधून ब्रिटिश नॅशनल पार्टी या उघडउघड वंशवादी पक्षाचा उमेदवार सात मतांनी निवडून आला आणि पालिकेत जाऊन बसला. त्या पालिकेच्या हद्दीत, टॉवर हॅम्लेट्समध्ये, बांगलादेशी मुसलमानांची दाट वस्ती आहे. मासिकाच्या मुखपृष्ठावर झेंडा फडकत होता तेव्हा तोच झेंडा रस्त्यावर कुणाच्या हातात होता, हे त्या वस्तीतल्या पोरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढे झेंडा गोड झाला. नोएल गॅलाघरच्या गिटारवर आला, १९९७च्या ब्रिट पुरस्कारांत जेरी हॅलिवेलच्या झग्यावर आला. त्याच जुलैत टोनी ब्लेअरने नोएलला डाउनिंग स्ट्रीटवर पार्टीला बोलावलं. देश कसा तरुण झाला, मोकळा झाला, असं सगळे म्हणू लागले. त्या मोकळेपणाच्या हिशेबात कोण बसलं आणि कोण बसलं नाही, हे बघायला मी चार-पाच अल्बम पुढे ठेवतो.

पहिलं नाव एकोबेलीचं, कारण 'तुमचे हे आशियाई लोक ब्रिटपॉपमध्ये मोडतच नाहीत, त्यांचा संगीतप्रकारच वेगळा' हा ठरलेला युक्तिवाद इथेच निकालात निघतो. एकोबेलीत गिटार, बास, ड्रम आणि खणखणीत चाली, एवढंच आहे. तबला नाही, सतार नाही. गाणारी सोन्या अरोरा मदान, जन्म दिल्लीचा, वाढली इंग्लंडात. एक गिटार स्वीडनच्या ग्लेन योहान्सनच्या हातात, दुसरी डेबी स्मिथ या काळ्या मुलीच्या हातात. १९९४चा 'एव्हरीवन्स गॉट वन' ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेला, १९९५चा 'ऑन' चौथ्या. म्हणजे लोकांनी पैसे देऊन घेतला, ऐकला. आणि आज? ब्रिटपॉपच्या माहितीपटात सोन्या दिसली तर दोन सेकंद दिसते, तेही इतर बायका-मुलींच्या घोळक्यात. युनियन जॅकच्या टी-शर्टवर 'हे माझंही घर आहे' अशा अर्थाचे शब्द लिहून तो घालणारी ही बाई. झेंड्याबद्दलचं त्या दशकातलं सगळ्यात नेमकं विधान तिने एका कापडावर केलं होतं, पण आठवणींत राहिला तो जेरीचा झगा.

दोन्हींपैकी 'ऑन' आधी ऐका. 'ग्रेट थिंग्ज' सगळ्यांना सापडतं. मी 'डार्क थेरपी'साठी ऐकायला सांगेन. तिथे सोन्याचा आवाज घाई करत नाही, गाणं हळूहळू वर चढत जातं. पहिल्या अल्बममधलं 'कॉल मी नेम्स' हे वंशद्वेषी शिव्यांबद्दलचं गाणंही सोडू नका. एक गंमत सांगतो. मॉरिसी या बँडचा चाहता होता. हाच मॉरिसी १९९२मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात युनियन जॅक अंगाखांद्यावर नाचवत होता, आणि वंशवादी नॅशनल फ्रंटचं नाव मिरवणारं एक गाणं त्याच्या त्याच वर्षीच्या अल्बमात होतं.

यावर कुणी आवाज उठवला? कॉर्नरशॉपने. ब्रिटनमधला पंजाबी किंवा गुजराती माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, हा तिथला घिसापिटा समज. टजिंदर सिंग आणि त्याच्या दोस्तांनी तोच शब्द उचलून बँडला नाव दिलं. १९९२ साली त्यांनी मॉरिसीच्या रेकॉर्ड कंपनीच्या, ईएमआयच्या, दारात त्याचे फोटो जाळले. तेव्हा पुष्कळांनी त्यांना प्रसिद्धीला हपापलेली पोरं ठरवलं. मॉरिसीने पुढे कोणकोणत्या पक्षाचे बिल्ले छातीवर लावले ते आता जगाला माहीत आहे. त्या पोरांची माफी कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्यांचा १९९४चा 'होल्ड ऑन इट हर्ट्स' हा ओबडधोबड अल्बम आहे. वाद्यं धड सुरात नाहीत, आवाज गोंगाटात बुडालेला. कानाला त्रास होतो, आणि तो त्रास बराचसा मुद्दाम दिलेला आहे. त्यातल्या एका गाण्याचं शीर्षकच 'तू नेहमी म्हणायचास, माझी भाषा मला अडचणीत आणेल' अशा अर्थाचं आहे. मी वर्गात दोन भाषा शिकवतो. त्यांतली एक बोललं की रेल्वेच्या डब्यात माना वळतात, दुसरी बोललं की लोक खूश होऊन म्हणतात, 'अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे हो!' हे शीर्षक मी एकदा वाचलं आणि डोक्यातून गेलं नाही.

१९९५च्या 'वुमन्स गॉटा हॅव इट'ची सुरुवात 'जालंदर शेर' या पंजाबी गाण्याने होते आणि शेवटही त्याच गाण्याच्या लांब रूपाने होतो. एकच सूर धरून ठेवलेला, वर गिटारची भिंत, मध्ये पंजाबी शब्द. गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन असो की दर्ग्यातली कव्वाली, पुनरुक्तीने माणसाला कुठे नेता येतं हे ज्यांच्या कानांना ठाऊक आहे त्यांना या गाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. १९९५! ब्लर आणि ओएसिस यांच्यात १४ ऑगस्टला एकाच दिवशी एकेक गाणं काढून जी 'लढाई' झाली, जिच्या बातम्या टीव्हीवर झळकल्या, ती याच वर्षातली. दोन्ही गाणी सुमार होती, हे आज त्यांचे भक्तसुद्धा कबूल करतात. त्याच वर्षी ही पोरं पंजाबीत रॉक गात होती. त्यांच्यासाठी बातमीत जागा नव्हती.

मग १९९७चा 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम'. हा दुर्लक्षित कसा, यात तर 'ब्रिमफुल ऑफ आशा' आहे, असं म्हणाल. बरोबर. सांगलीच्या आशाताईंचं नाव लंडनच्या पबमध्ये ज्या गाण्याने नेलं तेच हे. लताबाई आणि रफीसाहेबही या गाण्यात येतात. पण ऑगस्ट १९९७मध्ये मूळ गाणं आलं तेव्हा ते साठाव्या क्रमांकापर्यंत जाऊन खाली आलं. नॉर्मन कुकने त्याचा वेग वाढवून नाचाचं गाणं केलं, तेव्हा कुठे फेब्रुवारी १९९८मध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. आजही लग्नाच्या वरातीत वाजावं तसं तेच रूप सगळीकडे वाजतं. मूळ गाणं संथ आहे. रेकॉर्डच्या तबकडीवर, तिच्यातून आवाज देणाऱ्या बायकांवर, सिनेमाने गरिबांना दिलेल्या आधारावर ते शांतपणे बोलतं. 'आशा' हे नाव आहे आणि उमेदही आहे, हा श्लेष मराठी माणसाला न सांगता कळतो, इंग्रज ऐकणाऱ्याला तो बहुधा आजही कळलेला नाही.

आणि अल्बमच्या शेवटी काय आहे? बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड', पंजाबीत. याचा अर्थ नीट लावा. १९६५ साली जॉर्ज हॅरिसनने आपली सतार उचलून या गाण्यात वाजवली, तेव्हापासून हे गाणं पूर्व-पश्चिम मीलनाचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. ओएसिसने आपली सगळी कारकीर्द बीटल्सच्या सावलीत उभी केली, केसांच्या भांगापासून. बीटल्सकडून घेतलेलं बीटल्सलाच परत करण्याचं काम केलं ते या कोपऱ्यावरच्या दुकानदारांनी. सतार तुम्ही नेलीत, आता हे गाणं आम्ही नेतो. त्या दशकात बीटल्सवर याहून मोठं भाष्य दुसऱ्या कुणी केलं असेल, तर मला दाखवा.

इथे कुला शेकरचा उल्लेख टाळता येत नाही. क्रिस्पिअन मिल्स, अभिनेत्री हेली मिल्सचा मुलगा, खानदानी सिनेमावाला. १९९६मध्ये त्याने 'गोविंदा' हे संस्कृत गाणं पहिल्या दहांत नेलं, 'के' नावाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. गाणी कानाला चांगली आहेत, नाकारत नाही. पण गोऱ्या मुलाने संस्कृत गायलं तर ते ब्रिटपॉप, आणि वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये जन्मलेल्या पंजाबी मुलाने आईची भाषा गायली तर त्याची तबकडी दुकानात 'वर्ल्ड म्युझिक'च्या फळीवर. संगीतप्रकाराचा युक्तिवाद करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. ब्लॅक ग्रेपमधलं रॅप ब्रिटपॉपमध्ये चालतं, सेंट एटिएनचं डान्स संगीत चालतं, पल्पचा डिस्को चालतो. भिंत नेमकी कुठे उभी राहते ते बघा.

आता एशियन डब फाउंडेशन. शिक्षक म्हणून माझा सगळ्यात जास्त जीव या बँडवर आहे, कारण त्याचा जन्म वर्गात झाला. लंडनमध्ये फॅरिंग्डनला 'कम्युनिटी म्युझिक' नावाची संस्था होती. जॉन स्टीव्हन्स या जॅझ ड्रमवादकाने ती उभी करण्यात पुढाकार घेतला होता. तिथे १९९३च्या सुमारास आशियाई मुलांना संगीताचं तंत्रज्ञान शिकवायची कार्यशाळा चालायची. शिकवणारे अनिरुद्ध दास, त्यांच्यासोबत तरुणांमध्ये काम करणारे जॉन पंडित, आणि शिकायला आलेला दीदार झमान नावाचा शाळकरी वयाचा बंगाली मुलगा. तिघांचा बँड झाला, मग गिटारवाला स्टीव्ह चंद्रा सावले आला. बीएडला आम्हाला कृतीतून शिक्षणावर पानंच्या पानं लिहायला लावली. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या हातात माइक देऊन स्वतः मागे बास वाजवत उभं राहावं, हे मात्र कुठल्याच पाठ नियोजनात नव्हतं.

त्यांचा १९९५चा 'फॅक्ट्स अँड फिक्शन्स' आजही फार कमी जणांनी ऐकलेला आहे. त्यात 'रिबेल वॉरिअर' नावाचं गाणं आहे, काझी नझरुल इस्लामच्या 'बिद्रोही' या कवितेवरून घेतलेलं. १९२२ साली छापलेली ती कविता. तिने बंगालमध्ये काय खळबळ केली ते साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. सत्तरेक वर्षांनी पूर्व लंडनमधला पोरगा ती ड्रमच्या तडाख्यावर म्हणतो. याच अल्बममध्ये 'टीएच ९' आहे. १९९३मध्ये एका बांगलादेशी तरुणावर खुनी हल्ला झाला, त्याच्यासाठी रॉयल लंडन हॉस्पिटलसमोर लोक जमले, पोलिसांनी त्यांच्यातल्याच नऊ पोरांना उचललं, त्या नऊ जणांचं हे गाणं. हल्ला ज्याच्यावर झाला त्याच्याच बाजूची माणसं आत जातात, हा प्रकार वाचकांना परका वाटणार नाही.

१९९८चा 'राफीज रिव्हेंज' अधिक तयार आहे. नावातले रफी म्हणजे आपलेच मोहम्मद रफी. श्रीकांत ठाकऱ्यांच्या चालींवर मराठीत गायलेले, भजनांपासून कव्वालीपर्यंत सगळं गायलेले. त्यांच्या नावाने सूड, ही कल्पना ऐकून आपल्याकडची सभ्य मंडळी दचकतील. रफी म्हणजे आपल्याला नम्रतेची मूर्ती. 'चांगला मुसलमान' दाखवायचा झाला की पहिली तसबीर त्यांचीच लागते, आणि ती लावण्यात आपण स्वतःही मागे नसतो. लंडनच्या पोरांनी तसबिरीला हार घातला नाही. त्यांनी तो आवाज बरोबर घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. या अल्बममधलं 'असॅसिन' उधमसिंगवर आहे. १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये मायकल ओड्वायरला गोळ्या घालणारा उधमसिंग, ज्याने अटकेनंतर आपलं नाव राम मोहम्मद सिंग आझाद सांगितलं. 'फ्री सतपाल राम' हे गाणं हल्ल्यात स्वतःचा बचाव करताना हल्लेखोर मेला म्हणून जन्मठेप भोगत असलेल्या माणसाबद्दल आहे. तो २००२मध्ये सुटला. त्या दशकातल्या किती गाण्यांबद्दल म्हणता येईल की त्यांनी तुरुंगातल्या एका माणसाचं नाव महोत्सवातल्या हजारो तोंडांत घातलं?

१९९८च्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत 'राफीज रिव्हेंज' आणि कॉर्नरशॉप दोघेही होते. पुढच्या वर्षी तलविन सिंगच्या 'ओके'ने तो पुरस्कार जिंकलाही. तेव्हा 'एशियन अंडरग्राउंड' नावाचा शिक्का तयार झाला, मासिकांनी विशेषांक काढले. कौतुक झालं, नाही असं नाही. पण मुख्य दालनात जागा मागणाऱ्याला शेजारी वेगळी खोली बांधून दिली की घरमालक उदार ठरतो आणि दालनही जसंच्या तसं राहतं. आपल्याला हे कळायला लंडनला जायची गरज नाही. १९९०मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवावं लागलं, ते हौसेने भरवलेलं नव्हतं. आज पस्तीस वर्षांनी काय आहे? मुस्लिम लेखकाने मराठीत लिहिलेली कादंबरी चांगली असली तरी ती 'मुस्लिम मराठी' कादंबरी म्हणून चांगली असते. परिसंवाद वेगळा, पुरस्कार वेगळा, ग्रंथालयातली फळी वेगळी. दशकातल्या महत्त्वाच्या पुस्तकांची यादी निघते तेव्हा विशेषण तेवढं आठवतं आणि पुस्तक विसरतं. यादी करणारा दुष्ट असतो असं मी म्हणत नाही. तो फक्त त्याच्या नेहमीच्या फळीवर शोधतो.

शेवटचा अल्बम अवघड आहे. ब्रॅडफर्डच्या अकी नवाजच्या फन-दा-मेंटलचा 'सीज द टाइम', १९९४. अकी आधी सदर्न डेथ कल्ट या पंक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. पुढे त्याने कॅथ कॅनोव्हिलबरोबर नेशन रेकॉर्ड्स काढलं, 'फॅक्ट्स अँड फिक्शन्स' त्याच कंपनीचा. 'सीज द टाइम' हे नाव ब्लॅक पँथरच्या बॉबी सीलच्या पुस्तकाचं. त्यात माल्कम एक्सचा आवाज आहे, कव्वालीचे आणि तबल्याचे तुकडे आहेत, भोंगे आहेत, राग आहे. 'मेरा मज़ब' नावाचं एक गाणं आहे. उर्दूचा शिक्षक म्हणून त्यातला हरवलेला 'ह' मला आधी खटकला. मग वाटलं, ब्रॅडफर्डच्या गिरणी कामगारांच्या पोरांच्या तोंडी हा शब्द असाच राहिला असणार, आणि तो तसा राहिला यातच त्याचा प्रवास आहे. अल्बम लांबलेला आहे, काही ठिकाणी घोषणा संगीतावर मात करतात, आणि अकीच्या सगळ्या भूमिका मला पटतात असंही नाही. पण ज्या वर्षी ब्लरच्या 'पार्कलाइफ'ने इंग्लंडची एक गोड, मिश्कील कथा सांगितली, त्याच वर्षी त्याच देशातून ही दुसरी कथा आली होती. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर १९९४ पूर्ण ऐकल्यासारखं होतं. एकच ऐकली तर अर्धं.

आपल्या लोकांनाही एक बोलून घेतो. उर्दूच्या मुशायऱ्यांत नझरुलचं नाव आदराने घेणारी, इक्बालवर तासभर बोलणारी आपली मंडळी या पोरांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. गिटार दिसली की ते 'त्यांचं' झालं, शेरवानी दिसली की 'आपलं'. मग त्या पोरांनी जायचं कुठे? गोऱ्यांच्या यादीत ते फार आशियाई, आपल्या यादीत फार इंग्रज. ही दुसरी यादी तरी आपल्या हातात आहे.

यातले बहुतेक अल्बम आता मोबाइलवर ऐकायला मिळतात. नवख्याने 'ऑन'पासून सुरुवात करावी, मग कॉर्नरशॉपचा १९९७चा, मग 'राफीज रिव्हेंज'. 'होल्ड ऑन इट हर्ट्स' आणि 'सीज द टाइम' मागाहून, कान तयार झाल्यावर, आणि शक्यतो घरातली वडीलधारी बाहेर गेलेली असताना. 'ब्रिमफुल'चं मूळ रूप ऐकायचं, रिमिक्स नको. आणि 'रिबेल वॉरिअर' लावण्याआधी नझरुलची कविता मिळेल त्या भाषांतरात एकदा मोठ्याने वाचून घ्यावी. दहावीच्या वर्गालाही जमेल इतकी ती मोठ्याने वाचण्यासारखी आहे.